राहिलेलं बारसं

पौषातली सकाळ होती. रोह्याच्या घरी मागच्या पडवीत बसून मी भिजवलेले वाल सोलत होते, दोन्ही हात ओले, आणि फोन वाजला. पेणहून, रामवाडीतून, वन्संच्या शेजारच्या सुनंदाचा. "काकी गो, मॅडम उठत नायत... किती हाका मारल्या. तुम्ही या." मी येते म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा वाल सोलायला बसले. पातेल्यातले सगळे सोलून झाल्यावरच उठले. लोक म्हणतील, काय बाई आहे ही! म्हणोत. मला ठाऊक होतं की जागची उठले की ते खरं होणार, आणि तेवढा वेळ मला ते खरं व्हायला नको होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शालिनी. आमच्याकडे नणंदेला अजून हीच हाक आहे. रोह्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि घर मात्र केलं पेणला, रामवाडीत, हायवेच्या अलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत. आधी एसटीने आणि मग गाडीने ये-जा केली, पण रोह्याच्या घरी राहिल्या नाहीत, कारण त्यांचं आणि सासूबाईंचं एका छपराखाली चार दिवससुद्धा धड जात नसत. लग्न केलं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली, छान बोलले सगळे, कुणी त्यांच्या शिस्तीबद्दल, कुणी त्यांच्या पाठांतराबद्दल. मी मागे बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. माझी पहिली मुलगी बारशाआधी गेली. तिला जिवंत पाहिलेली घरची माणसं होतीच किती? माझी आई, आमचे हे, आणि वन्सं. आई गेली, हे गेले, आता वन्संही. आता तिला जिवंत पाहिलेलं घरचं माणूस मी एकटी उरले. आणि त्या मुलीचं नाव ठेवायचा मान ज्या आत्याचा होता, तिच्याकडून ते ठेवायचं राहिलं होतं. हा लेख त्याबद्दल आहे. वन्संची शिस्त वगैरे बाकीच्यांनी लिहावं.

आमचं पहिल्यांदा वाजलं ते खाजकुयलीवरून. लग्न होऊन माहेराहून, गडबहून, मी रोह्याला आले, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. मागच्या कुंपणावर कुयलीच्या शेंगा लोंबत होत्या, अंगभर सोनेरी लव असलेल्या, आणि वन्सं त्यांच्यात पार नाक खुपसून बघत होत्या. मी ओरडले, "वन्सं, हात नका लावू, खाज सुटेल!" त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे. म्युकुना प्रुरिएन्स. प्रुरिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये खाज आणणारी." मला हसूच आवरेना. म्हटलं, एवढं सांगायला समुद्रापलीकडून माणूस यावा लागला? आमच्या गडबला पोरंसोरंही तिला खाजकुयलीच म्हणतात. त्या चिडल्या नाहीत. "तेच तर," म्हणाल्या, "नाव ठेवणारा काही अचाट सांगत नसतो गं. आपण हिला नीट बघितलंय, एवढंच तो लिहून ठेवतो." मला तेव्हा हे फारसं पटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांनी मला सोडलं नाही. तांदूळ निवडताना, भाजी चिरताना, अंगणात रांगोळी घालताना, कॉलेजच्या आधी नाहीतर नंतर त्या येऊन सांगायच्या. ऐनाच्या झाडाला टोमेन्टोसा म्हणतात, म्हणजे लोकर पांघरलेला, कारण त्याची कोवळी पालवी लुसलुशीत लवेची असते. लाजाळू पुडिका, म्हणजे लाजरीच. पोपटीला, वालाच्या शेंगा भाजायच्या मडक्यात, आपण घालतो तो भांबुर्ड्याचा पाला लासेरा, म्हणजे फाटका, कारण त्याच्या पानाच्या कडा फाटल्यासारख्या असतात. मी भांबुर्डा जन्मभर मडक्यात कोंबला होता, त्याची कड काही बघितली नव्हती. बघितली, तर खरंच फाटकी.

माणसांनाही त्या असंच नाव द्यायच्या. आमचे हे कुठेच वेळेवर पोचत नसत, कंपनीच्या शिफ्टलासुद्धा धावत जायचे, म्हणून ते सेरोटिना, उशिरा फुलणारे. सासूबाई अक्युलिआटा, काटेरी. अर्थ त्यांना कळत नसे म्हणून बरं. मी नवी नवरी असताना साडी खोचून जामाच्या झाडावर चढले आणि सासूबाईंनी गल्ली गोळा केली, तेव्हा वन्सं दारातून म्हणाल्या, "स्कान्डेन्स." चढणारी. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ही शालू जगाला नावं ठेवते, आपण एक लग्न नाय करत." आम्ही दोघी इतक्या हसलो... तेवढं मोकळं हसणं नंतर आमच्यात फार वेळा झालं नाही.

मला दिवस गेले तेव्हा साहजिकच सगळ्यांचे डोळे आत्याकडे लागले. आमच्यात आत्याने पाळण्यात नाव ठेवायचं असतं, आईने नाही. नावांचा नुसता पाऊस पडला. मामेसासूबाईंनी देवीची नावं सुचवली, ह्यांच्या कंपनीतल्या मित्रांनी सिनेमातली. वन्सं कुणाचंच ऐकेनात. सासूबाई मागे लागल्या, "गो शालू, तुझ्या आजीचा नाव तरी धर." तर म्हणाल्या, "आई, मूल बघितल्याशिवाय नाव ठेवायचं नसतं. न बघता ठेवलेलं नाव कुणालाही लागू पडतं." सासूबाई म्हणाल्या, "व्हय, तू मोठी शास्त्रीण!" आणि विषय तिथेच राहिला.

मुलगी झाली पेणच्या एका दवाखान्यात, वेळेच्या बरीच आधी. अशक्त होती. इतक्यात लांब नेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून गडबलाही नाही आणि रोह्यालाही नाही, मी बाळाला घेऊन रामवाडीला वन्संच्या खोलीत राहिले. आई गडबहून आली. हे शिफ्ट संपली की एसटीने यायचे, दाराशी उभे राहायचे, बाळाला हात लावायला घाबरायचे. वन्संनी कुणाकडून तरी पाळणा आणला आणि आढ्याच्या कडीला टांगला. कॉलेजातून आल्या की हातपाय धुऊन त्या पाळण्याशी बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, गाणं नाही, बोबडे बोल नाहीत, नुसत्या बघत बसायच्या. मी विचारायची, "ठरलं का?" "बघतेय," म्हणायच्या.

बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. सकाळी अंग तापलं, दूध घेईना. दुपारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हे आणि माझा भाऊ तिला घेऊन भोगावतीच्या काठाला गेले. नेमकं कुठे ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घुगऱ्यांसाठी आईने हरभरे भिजत घातले होते. ते तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या गाईपुढे नेऊन ओतले. रोह्याला परत आल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाव पडला नाय ना गो, मग ती आपली झालीच नाय. आता तिचा विषय काढायचा नाय." कठोर बाई नव्हत्या त्या. त्यांचीही एक मुलगी बारशाआधी गेलेली होती आणि त्यांना जगायची तेवढी एकच रीत ठाऊक होती. घरात सगळ्यांनी ती पाळली. ह्यांनी मरेपर्यंत पाळली.

मला ते जमलं नाही. मला ती स्वप्नात यायची, अजून येते. जागेपणीही येते. पडवीत पाठमोरी बसलेले असताना कुणीतरी मागे आहे असं वाटतं, मी वळते, आणि हाक मारायला तोंड उघडते तर तोंडात काहीच नसतं. मेलेल्या माणसाचं निदान नाव तरी घेता येतं. हिला काय म्हणून बोलवायचं? बाळ म्हणून? बाळं तर सगळीच असतात. माझी मात्र मनाशी खात्री होती की वन्संनी नाव ठरवलं होतं. बारसं उद्यावर आलं होतं, ठरवलं नसेल कसं? सासूबाईंच्या सांगण्यावरून त्या बोलत नाहीत, एवढंच. पुढे आमचा अमित झाला, तेव्हा तर शंकाच उरली नाही. वन्सं आल्या त्याच नाव ठरवून. बाळाकडे धड बघितलंही नाही, थेट कानात नाव सांगून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, बघा, नाव आधीच तयार असतं यांचं. मग हिचंही होतंच. त्यानंतर वन्सं कुठल्याही झाडाच्या नावाचा अर्थ सांगू लागल्या की मी तो माझ्या मुलीला लावून बघायची. आल्बा, गोरी... नाही, ती माझ्यासारखी सावळी होती. कॉलेजच्या वाटेवर तामण फुलली की त्या सांगायच्या, स्पेसिओसा, देखणी. मला वाटायचं, हेच असेल. घरी येऊन भांडी घासताना ते नाव मी मनात उच्चारून बघायची आणि ते तिच्या अंगावर बसायचं नाही.

एकदा माझा तोल गेला. कॉलेजच्या आवारात वन्संनी झाडांना पत्र्याच्या पाट्या लावल्या होत्या, लॅटिन नाव, त्याखाली मराठीत अर्थ. मी डबा द्यायला गेले तेव्हा त्या चिंचेखाली उभ्या राहून मुलांना समजावत होत्या. चिंचेचं नाव इंडिका, भारतातली, पण झाड मुळात आफ्रिकेतलं. नाव ठेवणाऱ्याची चूक झाली. पण आता ते बदलता येत नाही, आधी रीतसर ठेवलेलं नाव तेच टिकतं. सगळी मुलं टिपून घेत होती. माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक, मी मुलांसमोर बोलले, "चुकलेलं नाव चालतं ना? मग माझ्या पोरीला एखादं चुकलेलं का नाही ठेवलंत? गवताच्या काडीला नाव आहे तुमच्या, तिला नाही!" मुलांना काही कळलं नाही. वन्संनी माझ्या हातातला डबा घेतला, "उषा, तू घरी जा," म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. मला त्या बोलण्याचं तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, आज लिहितानाही वाटत नाही. कुणीतरी ते कधीतरी मोठ्याने बोलायला हवंच होतं.

शेवटची भेट मार्गशीर्षातली. काचबिंदूने वन्संची नजर जवळजवळ गेली होती. सुनंदाच्या अंगणात पोपटी लावायची होती, म्हणून मी वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याची जुडी घेऊन रामवाडीला गेले. वन्सं ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. मी जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एक पान खुडलं, कडेवरून बोट फिरवलं आणि हसल्या. "लासेरा." मी शेजारी बसले. सुनंदाची माणसं मडकं धुण्यात गुंतली होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. हे नाहीत, सासूबाई नाहीत, आता कुणाची भीड होती?

मी म्हटलं, "वन्सं, तिचं नाव काय होतं?"

कुणाचं, असं त्यांनी विचारलं नाही. पान हातातच होतं. त्याच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?"

"ठरलंच नव्हतं गं. मी बघत होते तिला. वाटलं, बारशाच्या सकाळपर्यंत वेळ आहे आपल्याकडे..."

"मग अमितच्या वेळी बरं नाव तयार होतं!"

"त्यानंतर मी कुणासाठीच थांबले नाही, उषा. अमितसाठी नाही, शेजारपाजारच्या कुणासाठी नाही. आधी ठरवायचं, जायचं, कानात सांगायचं आणि निघायचं. परत तसं बघत बसायचा धीर नव्हता मला."

मला इतका संताप आला की काय सांगू. जन्मभर मी एका बंद डब्याची राखण केली, आणि डबा रिकामा! हे मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "तुला वाटत होतं, नाव आहे. तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे म्हटलं." मी रडले. मी सहसा रडत नाही, पण त्या दिवशी सुनंदाची माणसं मडकं सोडून बघायला लागली तरी पदर तोंडाला लावून रडले. वन्संनी थोपटलं वगैरे नाही, ते त्यांना कधी आलंच नाही. मी थांबेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "नाव नव्हतं. पण बघितलं मी तिला. सगळं लक्षात आहे माझ्या." आणि त्या सांगू लागल्या. झाडाचं वर्णन खालून वर करत जातात, मुळापासून, तशी त्यांनी तळपायांपासून सुरुवात केली. नजर नसलेले डोळे समोरच्या उन्हाकडे लावून त्या एकेक गोष्ट सांगत होत्या, मध्येच थांबून, आठवून, "नाही, डावा नव्हे, उजवा" अशी स्वतःला दुरुस्ती करत. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. आई होते मी तिची, पण मी तापात होते, भ्यालेली होते, ती दूध पिते की नाही एवढंच बघत होते.

सांगून झाल्यावर त्या शिकवायच्या सुरात म्हणाल्या, "आमच्याकडे नियम आहे. नुसतं नाव सांगून भागत नाही. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला नोमेन नुडुम म्हणतात, नागवं नाव. ते कुणी धरत नाही. नाव आणि वर्णन दोन्ही एकत्र, चार लोक वाचतील अशा ठिकाणी छापून यावं लागतं. तेव्हा ते नाव पडलं असं समजतात. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच लागायचं, आता इंग्रजीही चालतं." मी म्हटलं, "आणि मराठी?" "मराठी नाही चालत," म्हणाल्या. मी म्हटलं, न चालेना का. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "ये इकडे. कान कर."

मी वाकले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून, बाळाच्या कानाशी करतात तसंच, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. आत्या नाव सांगत असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. तिथे बाकीच्या बायका कुठून आणणार? मीच हात मागे नेला आणि त्यांच्या पाठीत घातला एक. पाठ नुसती हाडांची राहिली होती. "अगं, हळू," म्हणाल्या. मग आम्ही पोपटी खाल्ली.

पुढच्याच महिन्यात सुनंदाचा फोन आला.

वन्संनी त्या दिवशी सांगितलं ते खरंच आठवून, की मला बरं वाटावं म्हणून तिथल्या तिथे रचून? मला पुष्कळदा हा प्रश्न पडतो. ज्यांना विचारावं त्या राहिल्या नाहीत. मी स्वतःला सांगते की न बघितलेलं लिहिलेलं दिसलं तर ही बाई विद्यार्थ्यांच्या वह्या भिरकावून द्यायची, ती माझ्यापाशी खोटं कशाला बोलेल. पण एका बाजूने हेही वाटतं की माझ्यासाठी त्या जन्मभर गप्प राहिल्या, मग माझ्यासाठी एकदा खोटंही बोलल्या असतील. याचं उत्तर मला आता मिळणार नाही आणि ते तसंच घेऊन मला राहायचं आहे.

त्यांची एक सवय मात्र मला चिकटली आहे. पान दिसलं की वन्सं ते आधी उलटं करायच्या, खरी लव मागच्या बाजूला असते म्हणून. परवा रोह्याच्या बाजारात अळूची गड्डी घेताना मी प्रत्येक पान उलटं करून त्यावरून बोट फिरवत होते. भाजीवाली वैतागली. "काय बघतंस गो एवढा? कीड नाय त्याला!" मी म्हटलं, कीड नाही बघत बाई, नुसतं बघतेय. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि गड्डी पिशवीत टाकली. घरी येताना वाटेत ठरवलं की हे लिहायचं, आणि छापायला द्यायचं.

तर वन्संनी सांगितलं तसं, खालून वर. तळपाय चपटे, टाचा गुलाबी. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर किंचित चढलेली. पोटऱ्या काटकुळ्या. मुठी घट्ट, पण अंगठा मुठीच्या आत. रंग सावळा, कानाच्या पाळ्या अंगाहून गडद. खांद्यांवर, पाठीवर आणि कपाळावर बारीक लव, वेळेआधी आलेल्या मुलांना असते तशी, बोट फिरवलं तरच कळणारी. लॅटिनमध्ये तिला मोलिस म्हणतात, म्हणजे मऊ. जावळ काळं, मागे भोवरा. आवाज लहान. उजेडाकडे मान वळवायची. ठिकाण पेण, रामवाडी. नाव मृदुला. ते तिच्या आत्याने ठेवलं, तिला नीट बघून.